'दर्या' आणि 'दऱ्या': संगणकाच्या कळफलकावरील मराठी

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यास' वंदन करावयाचे असते, तर 'आचाऱ्यास' पंगतीला किती पाने आहेत ते सांगावयाचे असते. हाताने लिहिताना हा भेद बहुधा कोणी चुकत नाही. संगणकावर मात्र 'वऱ्हाड'चे 'वर्हाड' आणि 'कुऱ्हाडी'ची 'कुर्हाड' झालेली सर्रास आढळते. लिहिणाऱ्यास शब्द ठाऊक असतो. त्याची कळ कोठे आहे, हे ठाऊक नसते. इंग्रजीत 'विशेष चिन्हे' म्हणजे क्वचित लागणाऱ्या खुणा. मराठीत मात्र त्यांतील कित्येक चिन्हे शुद्धलेखनाचाच भाग आहेत.

शॉर्टकट कळा

उंदराला हात न लावता काम उरकणाऱ्या कळांपैकी कंट्रोलसह दाबावयाच्या झेड, एक्स, सी आणि व्ही या चार सर्वांत परिचित. केलेली कृती मागे घेणे, मजकूर कापणे, त्याची प्रत घेणे आणि तो चिकटवणे ही त्यांची अनुक्रमे कामे. कापणे-चिकटवणे ही कल्पना लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात विकसित केली. १९८३ साली आलेल्या ॲपलच्या 'लिसा' संगणकात तिला या चार अक्षरांची जोड मिळाली. ही अक्षरे कळफलकाच्या खालच्या ओळीत डावीकडे लागोपाठ येतात, त्यामुळे एका हाताने ती सहज दाबता येतात. विंडोजमध्ये मराठी कळफलक चालू असतानाही त्याच कळा तेच काम करतात.

मराठी लिहिणाऱ्यास आणखी एक जोडी रोज लागते. विंडोज ८ आणि त्यापुढील आवृत्त्यांत विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबल्यास इंग्रजी व मराठी कळफलकांची अदलाबदल होते. त्यासाठी मराठी भाषा संगणकाच्या सेटिंग्जमध्ये आधी जोडून ठेवावी लागते.

इन्स्क्रिप्टची रचना

विंडोज २०००पासून देवनागरी युनिकोडची आणि 'इन्स्क्रिप्ट' कळफलकाची सोय विंडोजमध्ये आहे. तत्पूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फाँट नसलेल्या संगणकावर तो मजकूर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन बसे. अनेक मराठी दैनिकांची संकेतस्थळे वाचण्यासाठीही फाँट आधी उतरवून घ्यावा लागे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने ती अडचण उरली नाही.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर व काना-मात्रा मुख्यतः डाव्या हाताला, तर व्यंजने उजव्या हाताला आहेत. 'के'वर क, शिफ्टसह ख. 'आय'वर ग, शिफ्टसह घ. 'एल'वर त, शिफ्टसह थ, अशा अल्पप्राण-महाप्राणांच्या जोड्या लावलेल्या आहेत. 'डी' या कळेवर हलन्त, म्हणजे पाय मोडण्याची खूण आहे. अक्षरे उच्चाराच्या क्रमाने टंकित करावयाची, हा मुख्य नियम. 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी. 'प्र'साठी प, हलन्त, र. 'र्य'साठी र, हलन्त, य. रफार आपोआप वर चढतो. टंकलेखन यंत्रावर वेलांटी आधी आणि रफार नंतर मारण्याची ज्यांना सवय होती, त्यांना हा क्रम आरंभी उलटा वाटतो.

नेहमी अडणारी अक्षरे पुढीलप्रमाणे लिहिता येतात:

• ऱ्य, ऱ्ह: शिफ्ट-जे दाबून ऱ, नंतर हलन्त, नंतर य किंवा ह. वऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, पुढाऱ्यांनी.
• ळ: शिफ्ट-एन. ण: शिफ्ट-सी.
• ज्ञ: शिफ्ट-५. त्र: शिफ्ट-६. क्ष: शिफ्ट-७. श्र: शिफ्ट-८.
• ृ: बरोबरच्या चिन्हाची कळ. तीच शिफ्टसह दाबल्यास ऋ.
• विसर्ग: शिफ्टसह संयोगचिन्हाची, म्हणजे आडव्या रेघेची कळ.
• अर्धचंद्र: शिफ्ट-२. 'बॅट', 'कॅलेंडर' यांसारख्या शब्दांसाठी.

दिसते एक, असते दुसरे

डोळ्यांना सारखी दिसणारी दोन अक्षरे संगणकाच्या लेखी भिन्न असू शकतात. 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची दोन टिंबे दिली, तर वाचणाऱ्याला फरक क्वचितच जाणवतो. संगणक मात्र तेथे शब्द तोडतो. शुद्धलेखन तपासणीत तो चुकीचा ठरू शकतो आणि 'दुःख' शोधताना हाती लागत नाही.

'ॲ'ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. अ वर चंद्र असलेल्या या मराठी रूपाला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाले. तोपर्यंत कोणी अ ला अर्धचंद्र जोडत असे, तर कोणी हिंदीतील ऍ वापरत असे. परिणामी 'ॲडव्होकेट' हा एकच शब्द तीन प्रकारे साठवलेला सापडतो. एका प्रकारे शोधल्यास इतर दोन प्रकारे नोंदलेली नावे निसटू शकतात. मतदारयादी असो, निकालपत्र असो वा ग्रंथालयाची सूची. तेथे नाव न सापडणे म्हणजे संबंधितास नाव नसल्यासारखेच. म्हणून एका संस्थेने, निदान एका यादीत, एकच रूप वापरणे श्रेयस्कर. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये इंग्रजी कळफलकावर ०९७२ हे आकडे लिहून लगेच ऑल्ट-एक्स दाबल्यास 'ॲ' उमटतो.

शेंडीचा 'श' आणि मराठी वळणाचा 'ल' यांचा प्रश्न मात्र कळेचा नसून फाँटचा आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतील अक्षरांची रूपे निश्चित केली. परंतु युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठी 'ल'चा क्रमांक एकच आहे. मराठी वळण असलेला फाँट निवडणे, हाच त्यावर उपाय.

अन्य चिन्हे

रुपयाचे ₹ हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. डी. उदय कुमार यांनी रेखाटलेल्या या चिन्हाला त्याच वर्षी युनिकोड ६.०मध्ये स्थान मिळाले. विंडोजमध्ये 'इंग्रजी (भारत)' कळफलक निवडून उजवीकडील ऑल्टसह ४ दाबल्यास ते उमटते.

कळफलकाच्या उजव्या टोकाला अंकांचा स्वतंत्र संच असेल, तर नम लॉक सुरू करून व इंग्रजी कळफलक निवडून ऑल्ट दाबून धरावी आणि पुढील आकडे लिहावेत: अंशासाठी ०१७६ (°), पावसाठी ०१८८ (¼), अर्ध्यासाठी ०१८९ (½), पाऊणसाठी ०१९० (¾), गुणाकारासाठी ०२१५ (×). लॅपटॉपवर असा संच बहुधा नसतो. तेथे विंडोज १० व ११मध्ये विंडोजची कळ आणि पूर्णविरामाची कळ एकत्र दाबल्यास चिन्हांची पेटी उघडते. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेसबार या तिन्ही कळा एकदम दाबल्यास तशीच पेटी मिळते.

या साऱ्या कळा एका दिवसात पाठ होणे नाही, आणि तशी गरजही नाही. आपल्या नावात, गावाच्या नावात आणि रोजच्या कामात येणारी चार-पाच अक्षरे प्रथम हाताखाली बसवावीत. ज्याच्या आडनावात 'ऱ्ह' आहे, त्याने शिफ्ट-जेपासून आरंभ करावा. ते नाव योग्य अक्षरांत नोंदले गेले, तरच योग्य अक्षरांत शोधणाऱ्याला ते सापडेल.