मळसूत्र, पंखा आणि दारातले हिम

आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांना हिमवर्षाव भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात किंवा चित्रपटात. तिथले हिम पांढरेशुभ्र आणि कापसासारखे हलके असते. ते खरोखर किती हलके असते, हे एकदा फळ्यावर मांडून पाहू.

कॅनडातल्या किंवा उत्तर अमेरिकेतल्या एखाद्या घरासमोर मोटार आत-बाहेर नेण्यासाठी पंधरा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशी वाट आहे. रात्रीतून तिच्यावर वीस सेंटिमीटर हिम पडले. घनफळ झाले १५ घनमीटर. नुकत्याच पडलेल्या हिमात बहुतांश हवाच असते. त्याच्या एका घनमीटराचे वस्तुमान साधारण ५० ते १०० किलोग्रॅम भरते. शंभर धरले तर दारात दीड टन ओझे येऊन पडले! फावड्याच्या एका खेपेत पाच किलो उचलले जाते असे समजा. म्हणजे कामावर जाण्यापूर्वी तीनशे वेळा वाकायचे, उचलायचे आणि बाजूला फेकायचे. हिम दबलेले किंवा ओले असेल, तर याच्या दुप्पट-तिप्पट.

हे काम हलके करण्यासाठी तिकडे घरोघरी एक यंत्र असते, स्नो ब्लोअर. आपण त्याला हिमफेक यंत्र म्हणू. दुकानात ते ‘गॅसवर चालणारे’ म्हणून विकले जाते. पण तिकडच्या बोलीभाषेत गॅस म्हणजे आपले पेट्रोल. हिवाळा जवळ आला की अनेक घरांत प्रश्न निघतो, यंत्र कोणते घ्यावे? एक पंखी की दुहेरी टप्प्याचे, लहान की मोठे? वरवर पाहता हा बाजारहाटीचा प्रश्न आहे. पण या यंत्राचा एकेक भाग म्हणजे कधी ना कधी कुणाला पडलेल्या अडचणीचे उत्तर आहे, आणि काही अडचणी सुटल्या नाहीत, त्यांनी फक्त जागा बदलली. म्हणून निवड करणाऱ्याला यंत्राचा इतिहास ठाऊक असलेला बरा.

हिम अडचण केव्हा झाले?

एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या खेड्यांत हिम ही प्रवासाची सोय होती. हिवाळ्यात लोक गाड्यांची चाके बाजूला ठेवून घसरगाड्या जुंपत. रस्त्यावरचे हिम काढण्याऐवजी घोड्यांनी ओढलेले लाकडी रूळ फिरवून ते दाबून घट्ट करत. न्यू इंग्लंडमधल्या छपराच्या लाकडी पुलांवर तर आत हिम पडत नसे, म्हणून घसरगाड्यांसाठी ते बाहेरून आणून मुद्दाम पसरावे लागे.

हे चित्र चाकाने बदलले. आगगाडीला उघडे रूळ हवेत. सुरुवातीला इंजिनापुढे पाचरीच्या आकाराचा नांगर लावून हिम दोन्ही बाजूंना लोटत. उथळ हिमात हे जमे. पण वाऱ्याने रचलेल्या खोल राशींत, विशेषतः डोंगर खोदून काढलेल्या अरुंद वाटेत, हिम लोटायचे तरी कुठे? दोन्हीकडे उभ्या भिंती. एकामागे एक अनेक इंजिने जोडून धडका द्याव्या लागत, आणि नांगर राशीत रुतून बसे. अडचण स्पष्ट झाली : हिम ढकलून भागणार नाही, ते उचलून दूर फेकले पाहिजे.

दंतवैद्याचे चाक

याचे पहिले उत्तर सुचले ते टोरांटोतल्या एका दंतवैद्याला. जे. डब्ल्यू. इलियट यांनी १८६९ साली इंजिनापुढे फिरणारे पात्यांचे चाक बसवण्याची कल्पना आराखड्यात मांडली. पुढच्याच वर्षी, १८७० साली, न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या डलहौसी गावच्या रॉबर्ट कार हॅरिस यांनी रेल्वेसाठी मळसूत्राने हिम उपसणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. एकाची कल्पना चाकाची, दुसऱ्याची मळसूत्राची. या दोन्ही कल्पना लक्षात ठेवाव्यात. पुढे घरगुती यंत्रात त्या एकत्र येणार आहेत.

इलियट यांचे चाक बराच काळ कागदावरच राहिले. ओंटारिओतल्या ऑरेंज जल यांनी ते सुधारले. त्यांनी दोन चाके घेतली. पुढचे हिम कापून आत घेई आणि मागचे पंख्यासारखे ते वर फेकी. लेस्ली बंधूंनी हे यंत्र प्रत्यक्षात आणले आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात त्याची टोरांटोजवळ कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या आवारात चाचणी झाली. पुढे रचना बदलत गेली, पण मूळ तत्त्व टिकले : कापणे आणि फेकणे ही दोन निराळी कामे आहेत.

मळणीयंत्र पाहणारा तरुण

रुळांवर हे जमले तरी रस्त्यावर जमायला आणखी चार दशके लागली. ती गोष्ट क्यूबेकमधल्या आर्थर सिकार यांची. त्यांचा जन्म १८७६ चा, मॉन्ट्रियलजवळच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरचा. हिवाळ्यात रस्ते बंद झाले की दूध शहरात पोचायचे कसे, ही त्यांच्या घरची खरी चिंता होती. १८९४ साली, अठरा वर्षांच्या आर्थरने शेतात मळणीयंत्र चालताना पाहिले. फिरणारी पाती पीक आत ओढत होती आणि भुसा दूर उडवला जात होता. धान्याच्या जागी हिम असते तर?

मळणी आणि उपणणी पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे साम्य चटकन पटेल. पण साम्य दिसणे आणि यंत्र उभे राहणे यांत एकतीस वर्षांचे अंतर पडले. वाफेचे इंजिन, त्याचा बाष्पक आणि कोळसा हा सारा भार रुळांवर वाहून नेता येई. रस्त्यावरच्या यंत्राला हवे होते हलके आणि जोरकस इंजिन, आणि १८९४ साली ते सहज मिळण्यासारखे नव्हते. पेट्रोलच्या इंजिनाने ती उणीव भरून काढली. १९२५ साली सिकार यांचे यंत्र तयार झाले. चारही चाकांना जोर मिळणारा ट्रक, त्याच्यापुढे हिम गोळा करणारा भाग, फेकण्यासाठी स्वतंत्र इंजिन, आणि दिशा बदलता येतील अशी दोन धुराडी. ते सुमारे सत्तावीस मीटर दूर हिम फेकू शके, किंवा शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये भरू शके. १९२७ साली मॉन्ट्रियललगतच्या उत्रमाँ या नगराने ते विकत घेतले.

याच जातीची यंत्रे आपल्या देशातही आहेत. रोहतांग किंवा झोजी ला खिंडीचा रस्ता उघडताना सीमा सडक संघटना जे ‘स्नो कटर’ वापरते, त्यांच्या तोंडाशी फिरणारी पाती आणि वर वळलेले धुराडे वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांत पाहायला मिळते.

रस्ता मोकळा, दार बंद

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि कॅनडात शहरांभोवती उपनगरे पसरली. प्रत्येक घराला मोटार आणि मोटारीला स्वतंत्र वाट. सार्वजनिक रस्ता नगरपालिका साफ करी, घरासमोरची वाट ज्याची त्याने. पुष्कळ शहरांत घरापुढच्या पदपथाची जबाबदारीही कायद्याने घरमालकावरच टाकलेली आहे.

इथे एक गमतीदार, पण घरमालकाला मुळीच गमतीची न वाटणारी गोष्ट घडते. नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करत जातो तेव्हा बाजूला पडणारी हिमाची वरंब नेमकी घराच्या वाटेच्या तोंडाशी साचते. हे हिम ताजे, भुसभुशीत नसते. दबलेले, ओले आणि गोठून कडक झालेले असते. म्हणजे सर्वांची वाट मोकळी करताना उरलेले सर्वांत जड ओझे एकेकट्याच्या दारात येते. घरगुती यंत्र विकत घेण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

हिरवळ कापण्याची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांकडे लहान पेट्रोल इंजिने होतीच. टोरो कंपनीने १९५२ साली घरगुती वापराचे, मागून चालत ढकलायचे हिमफेक यंत्र आणले. विस्कॉन्सिनमधल्या एरियन्स कंपनीने १९६० साली दोन टप्प्यांचे यंत्र बाजारात आणले. आजही दुकानातली मुख्य निवड या दोन प्रकारांतच असते.

एका टप्प्याच्या यंत्रात एकच आडवा फिरता दांडा हिम गोळाही करतो आणि फेकतोही. त्याची रबरी टोके जमिनीला घासतात, त्यामुळे फरशी स्वच्छ निघते. यंत्र हलके आणि स्वस्त असते. पण वाट खडीची असेल तर ते हिमाबरोबर दगडही भिरकावते. शिवाय कडक वरंबेपुढे त्याचे फारसे चालत नाही.

दोन टप्प्यांच्या यंत्रात हॅरिस यांचे मळसूत्र आणि इलियट यांचा पंखा एकमेकांना भेटतात. पुढचे मळसूत्र सावकाश, मिनिटाला शे-सव्वाशे फेरे घेत हिम फोडून मधोमध आणते. मागचा पंखा वेगाने फिरून ते धुराड्यातून बाहेर फेकतो. हिम दहा मीटर दूर टाकायचे तर, हवेचा विरोध सोडून दिल्यास, ४५ अंशाच्या कोनात सेकंदाला सुमारे दहा मीटर वेग लागतो. तीस सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे सोळा मीटर येतो. विद्यार्थ्यांनी हे गणित जरूर करून पाहावे. कडक हिम फोडायला जोर हवा, फेकायला वेग हवा. एकाच दांड्याकडून दोन्ही नीट होत नाहीत. दोन टप्प्यांचे हेच कारण.

या यंत्रात एक छोटा भाग मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. मळसूत्र ज्या बोल्टने दांड्याला जोडलेले असते, तो दगड अडकताच तुटतो आणि महागडी दंतचक्रे वाचतात. घरातल्या विजेच्या फ्यूजचेच हे यांत्रिक भावंड.

धोक्याने जागा बदलली

फावड्याचे काम केवळ कंटाळवाणे नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, त्यात हातांवर अचानक मोठा ताण येतो आणि हृदयाला भार सोसावा लागतो. क्यूबेकमधल्या १९८१ ते २०१४ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वीस सेंटिमीटर हिम पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांत हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू येण्याची शक्यता, हिम न पडलेल्या दिवसाच्या तुलनेत, सुमारे एक तृतीयांशाने अधिक आढळली. स्त्रियांत असा संबंध दिसला नाही. कुणाच्या हातात फावडे होते याची नोंद या आकड्यांत नाही. पण संशोधकांचा रोख फावड्याकडेच होता.

यंत्राने छातीवरचा हा ताण कमी केला, पण बोटांवर संकट आणले. तापमान शून्याच्या आसपास असले की हिमकणांवर पाण्याचा पातळ थर असतो, आणि असे हिम धुराड्यात चिकटून बसते. माणूस इंजिन बंद करतो आणि हात घालून तुंबलेले हिम काढू लागतो. इंजिन बंद असले तरी पट्ट्यात आणि पात्यांत ताण अडकून राहिलेला असतो. अडथळा निघताच पंखा झटक्यात फिरतो. अमेरिकेत अशा यंत्रांमुळे दरवर्षी हजारो लोक जखमी होऊन रुग्णालयात येतात, कित्येकांची बोटे जातात. उपाय अगदी साधा आहे : तुंबलेले हिम काठीने काढायचे, हाताने कधीच नाही. हल्लीच्या यंत्रांवर त्यासाठी एक काठीच जोडलेली असते. हँडलवरची कड हातातून सुटली की पाती थांबण्याची सोयही असते. यंत्र निवडताना अश्वशक्तीच्या आधी या दोन गोष्टी पाहाव्यात.

तिसरा धोका धुराचा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू केले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला रंगही नाही, वासही नाही. अमेरिकेच्या कायद्यातली एक तरतूद रसायनाच्या शिक्षकांना रोचक वाटेल. लहान इंजिनांच्या हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइडांवर जी मर्यादा आहे, तिच्यातून केवळ हिवाळ्यात चालणाऱ्या यंत्रांना सूट मिळते. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा मात्र त्यांनाही पाळावी लागते. कारण पहिल्या दोन वायूंपासून जमिनीलगत ओझोन तयार व्हायला कडक ऊन लागते, आणि ते हिवाळ्यात नसते. कार्बन मोनॉक्साइड ऋतूची वाट पाहत नाही.

हिम पडलेच नाही तर?

१९७९-८० आणि १९८०-८१ या लागोपाठच्या हिवाळ्यांत अमेरिकेत हिम फार कमी पडले. यंत्रे दुकानांत पडून राहिली आणि टोरो कंपनी तोट्यात गेली. पुढे १९८३ साली कंपनीने ग्राहकांना एक अजब हमी दिली : त्या हिवाळ्यात तुमच्या भागात सरासरीच्या वीस टक्क्यांहून कमी हिम पडले तर यंत्राची पूर्ण किंमत परत, आणि यंत्र तुमच्याकडेच राहील! हा धोका कंपनीने विमा उतरवून पुढे सरकवला होता. संभाव्यता शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागेल.

पण या हमीत एक सत्य दडलेले आहे. हे यंत्र वर्षातले थोडेच तास चालते, आणि उरलेला काळ गॅरेजमध्ये उभे असते. टाकीत उरलेले पेट्रोल उन्हाळाभर तसेच राहिले तर चिकट साका धरून कार्बुरेटर तुंबवते, आणि पहिल्या हिमाच्या दिवशी यंत्र सुरूच होत नाही. आता बॅटरीवर चालणारी यंत्रेही मिळतात. त्यांना धूर नाही, पेट्रोल नाही. पण थंडीत बॅटरीची क्षमता घटते, आणि लांब वाटेवरच्या जड हिमात ती पुरेल का, हे पाहावे लागते.

तेव्हा घरमालकाने आधी दुकानाची नव्हे, दाराची पाहणी करावी. वाट किती लांब, फरशीची की खडीची? हिम सहसा कोरडे पडते की ओले? नांगर दारात केवढी वरंब टाकून जातो? लहान, फरसबंद वाटेला एका टप्प्याचे यंत्र पुरते. खडी, लांब वाट किंवा रोजची कडक वरंब असेल तरच दोन टप्प्यांचा खर्च सार्थ. आणि चार शेजाऱ्यांच्या दारात मिळून काही तासांचेच काम असेल, तर चार यंत्रे कशाला?

शेवटी वर्गासाठी एक काम. आपल्या परिसरात मळसूत्र आणि पंखा जोडीने किंवा एकेकटे कुठे काम करतात, याची यादी विद्यार्थ्यांना करायला सांगावी. मळणीयंत्र, कडबा कुट्टीचे यंत्र, लाल तिखटाचा डंख, उसाचे गुऱ्हाळ, सगळीकडे जाऊन पाहावे. प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारावेत : या यंत्राने कुणाचे कष्ट वाचवले, आणि हात कुठे घालायचा नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ते यंत्र रोज चालवणाऱ्या माणसालाच विचारावे.