बंदुकीच्या नळीतील मीठ

बंदुकीचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रणांगणे उभी राहतात. परंतु लढाई संपल्यावर शिपाई तळावर येऊन बंदुकीची नळी साफ करीत बसतो, त्या कामालाही इतिहास आहे. नळी कशाने साफ करावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल; पण त्याचे खरे उत्तर मिळण्यास कित्येक वर्षे जावी लागली.

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. ती जळली म्हणजे नळीत काजळीचा व क्षारांचा जाड थर बसे. हे क्षार पाण्यात सहज विरघळत. म्हणून त्या काळचा शिपाई नळी गरम पाण्याने धुई, कोरडी करी आणि मग तेल लावी.

१८८६ साली फ्रेंचांनी धूररहित दारूची लेबेल रायफल सैन्यात आणली. १८९१ च्या सुमारास इंग्रजांनी कॉर्डाइट स्वीकारले. आता नळी गोळीबारानंतरही बरीच स्वच्छ दिसू लागली. मग धुवायची कशाला? तेलाची चिंधी फिरवली की झाले! येथेच घात झाला. आज आरशासारखी लखलखणारी नळी चार दिवसांनी गंजलेली आढळे. कोणी म्हणे, दारूचा वायू पोलादाच्या छिद्रांत शिरतो आणि मागाहून घामासारखा पाझरतो. कोणी दारूतील आम्लाला दोष देई. केसांचे मऊ ब्रश झाले, तारांचे कडक ब्रश झाले, तारेची जाळीही झाली. घासून घासून नळी मात्र झिजे. साफ करण्याची दोरी वाकडी ओढली गेली, तर नळीच्या तोंडाशी चर पडे आणि नेम बिघडे. गंज होता तेथेच राही.

१९२२ साली अमेरिकेच्या खाण-खात्यातील विल्बर्ट हफ या संशोधकाने याचा उलगडा प्रसिद्ध केला. गुन्हेगार दारू नव्हती, काडतुसाच्या बुडाची टोपी होती. तिच्यातील पोटॅशियम क्लोरेट जळून नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या स्वयंपाकातील मिठाचे सख्खे भावंड! पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे; नळीतही तेच घडत होते. मीठ तेलात विरघळत नाही आणि कितीही घासले तरी पुरते निघत नाही. त्याला पाणीच हवे. इंग्रजी सैन्यात नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची रीत होती, तिचे मर्म आता शास्त्राने सांगितले.

पुढे क्लोरेटवाचून चालणाऱ्या टोप्या निघाल्या. तरी निष्काळजीपणा गेला नाही. १९६० नंतरच्या दशकात व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने एम-१६ रायफल दिली. तिला फारशी साफसफाई लागत नाही, असा समज पसरला होता. ब्रश व गज पुरेसे पोहोचले नाहीत, दारूचा प्रकार बदलला होता, आणि काडतुसाच्या घराला क्रोमचा मुलामा नसल्याने ते दमट हवेत गंजे. झाडलेले काडतूस आतच अडकून बसे. ऐन चकमकीत गजाने ते बाहेर ढकलू पाहणारे जवान मारले गेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने याची चौकशी केली. त्यानंतर क्रोमचा मुलामा आला, काडतुसाच्या घरासाठी निराळा ब्रशही हाती आला.

मळ कोणता हे आधी ओळखावे आणि मग ब्रश उचलावा, एवढेच हा इतिहास सांगतो. एवढीशी गोष्ट वेळीच ध्यानी न घेतल्याची किंमत मात्र कारखानदारांनी नव्हे, आघाडीवरच्या शिपायांनी मोजली.