बिने-कामत चाचणीची कुळकथा

बिने-कामत चाचणी म्हणजे पॅरिसमध्ये जन्मलेल्या बुद्धिमापन पद्धतीचे मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी घडवलेले रूप. शाळेत मागे पडणारी मुले ओळखता यावीत म्हणून आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची मालिका तयार केली. १९०८ मध्ये त्यांनी प्रश्न वयवार लावले. मूल कोणत्या वयापर्यंतचे प्रश्न सोडवते, त्यावरून त्याचे मानसिक वय ठरू लागले. या वयाला प्रत्यक्ष वयाने भागावे, ही सूचना विल्यम स्टर्न यांची, १९१२ मधली. लुइस टर्मन यांनी १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत त्या भागाकाराला १०० ने गुणले. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा असेल, तर बुद्ध्यंक ७५.

स्टॅनफर्ड आवृत्तीत अमेरिकी नाणी ओळखायची होती, यमके जुळवायची होती. मुंबई इलाख्यातल्या मुलांच्या हाती रुपये, आणे, पै असत. पण नुसती नाणी बदलून भागत नाही. अमेरिकेत सहाव्या वर्षी जमणारा प्रश्न इथे पाचव्या किंवा आठव्या वर्षी जमू शकतो. त्याची जागा चुकली, की मानसिक वयही चुकते. म्हणून प्रत्येक प्रश्न निरनिराळ्या वयांच्या स्थानिक मुलांना विचारून त्याची पायरी नव्याने ठरवावी लागते.

वि. वि. कामत यांनी धारवाड भागात हजाराहून अधिक मुले तपासून हे काम केले. त्यांचा संशोधनलेख १९३४ मध्ये, तर ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हे पुस्तक १९४० मध्ये निघाले. चाचणीची मांडणी तीन वर्षांपासून सुरू होते. दहाव्या वर्षापर्यंत दर वर्षाला सहा प्रश्न आणि प्रत्येक बरोबर उत्तराला दोन महिने, असा हिशेब असतो.

शाळांपुरती न राहता ही चाचणी रुग्णालयांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत पोहोचली. बौद्धिक अपंगत्व ठरवतानाही ती वापरली जाऊ लागली. १९६९ मध्ये वेक्स्लर यांच्या बालचाचणीचे मालिन यांनी केलेले भारतीय रूपांतर तिच्या जोडीला आले.

मात्र एकदा ठरवलेल्या पायऱ्या कायमच्या नसतात. पुढच्या पिढ्या जुन्या चाचण्यांत जास्त गुण मिळवतात, असे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात अनेक देशांतल्या आकड्यांवरून दाखवले. १९३० च्या दशकातल्या मुलांवर बेतलेल्या मापाने आजचे मूल मोजले, तर बुद्ध्यंक फुगून येण्याची शक्यता असते आणि मदतीची गरज असलेले मूल निकषाबाहेर राहू शकते. त्यामुळे बुद्ध्यंकासोबत मुलाच्या रोजच्या व्यवहारकौशल्याचीही पाहणी करतात, आणि चाचणीचे प्रमाणीकरण ठरावीक काळाने नव्याने करावे लागते.