लिलाव, शेतमालाचा

एकाच मालावर अनेक खरेदीदारांनी चढत्या भावाने उघड बोली लावायची आणि सर्वांत वरच्या बोलीला तो माल द्यायचा, या विक्रीपद्धतीला लिलाव म्हणतात. जप्त घरे, जुनी वाहने, वाळूचे घाट, चित्रे, दागिने असे पुष्कळ काही लिलावात विकले जाते. महाराष्ट्रात मात्र लिलाव रोजच्या रोज दिसतो तो बाजार समित्यांच्या आवारात. राज्यात तीनशेहून अधिक बाजार समित्या आणि त्यांचे सुमारे सहाशे उपबाजार आहेत. ज्वारी, तूर, सोयाबीनपासून गूळ, हळद, बेदाणा, भाजीपाल्यापर्यंतच्या मालाचा भाव तिथे ठरतो.

या नोंदीत कांद्याच्या लिलावावर भर आहे, त्याला कारण आहे. तूर किंवा सोयाबीनला केंद्र सरकारचा हमीभाव जाहीर होतो. तो प्रत्यक्षात मिळो वा न मिळो, बोलण्यापुरता तरी एक आधार असतो. कांद्याला हमीभाव नाही. चार महिने राबून पिकवलेल्या मालाची किंमत किती, याचा निकाल ट्रॉलीभोवती उभ्या असलेल्या व्यापाऱ्यांच्या बोलीत लागतो आणि त्यावर अपील नसते. त्यामुळे लिलाव कसा चालतो, हा प्रश्न कांदा उत्पादकासाठी पोटाचा आहे.

लासलगावचा लिलाव. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात असलेल्या लासलगावची बाजार समिती १९४७ मध्ये स्थापन झाली. आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ अशी तिची ख्याती असून विंचूर आणि निफाड हे तिचे उपबाजार आहेत. शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉली, पिकअप किंवा छोट्या टेम्पोतून कांदा आणतो. फाटकावर नोंद होते आणि गाडी रांगेत लागते. लिलाव सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत होतात. हंगाम भरात असला की रांग आवाराबाहेर रस्त्यावर येते आणि लांबच्या गावचे शेतकरी आदल्या रात्रीच मुक्कामाला येतात.

बोली सुरू होण्यापूर्वी व्यापारी माल पाहतात. वरचे कांदे सगळेच चांगले लावतात, म्हणून हात आत घालून मधला कांदा बाहेर काढला जातो. त्याचा रंग, आकार, पत्ती आणि वाळलेली मान पाहतात, कोंब आहे का तपासतात. लाल कांदा टिकत नाही, तो लवकर विकावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर मांडवात, चार-पाच महिने राहतो, म्हणून त्याची पारख वेगळी. बारीक कांदा म्हणजे गोल्टी आणि खराब माल म्हणजे खाद; यांचा भाव निराळा निघतो. म्हणूनच शेतकरी घरीच निवड करून प्रतवारीप्रमाणे माल आणतो.

समितीचा कर्मचारी पुकारा करतो. त्याच्याबरोबर व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर सरकत जातो आणि शेतकरी आपल्या ट्रॉलीवर किंवा तिच्या बाजूला उभा असतो. भाव क्विंटलला बोलतात. कर्मचारी एक आकडा उच्चारतो, कोणी मान हलवतो, कोणी बोट वर करतो, कोणी पुढचा आकडा ओरडतो. पाच-दहा रुपयांनी किंवा पंचवीस-पन्नासने भाव चढतो आणि एका जागी थांबतो. एकमेकांवर मात करण्यासाठी शेवटी एक रुपया वाढवण्याची रीत असल्यामुळे १,८५१, २,१०१ असे भाव सौद्याच्या पट्टीवर नेहमी दिसतात. एका गाडीचा सौदा होण्यास एखादे मिनिट लागते. एवढ्या वेळात एका कुटुंबाच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा ठरून जातो, हे तिथे उभे राहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

भाव थांबला की घेणाऱ्याचे नाव पुकारले जाते आणि सौदापट्टी लिहिली जाते. तिच्यावर शेतकऱ्याचे नाव, गाव, भाव आणि व्यापाऱ्याचे नाव असते. भाव मान्य नसेल तर माल न देण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. गाडी पुढच्या सत्रात उभी करता येते किंवा दुसऱ्या बाजार समितीत नेता येते. परंतु भाड्याच्या गाडीचे पैसे चढत असतील, कांदा भिजलेला असेल किंवा घरी लग्न वा दवाखाना असेल, तर हा हक्क वापरणे अवघड होते. लिलावाचे न्याय्यपण बरेचसे येथेच अडते. नकार देऊ शकणारा शेतकरी आणि नकार न परवडणारा शेतकरी एकाच रांगेत उभे असतात, पण बोली दोघांसाठी सारखी नसते. ज्याच्याकडे कांदाचाळ आहे तो थांबू शकतो, म्हणून चाळीला अनुदान देण्याची योजना लिलावाच्या दृष्टीनेही मोलाची आहे.

भावानंतरचे व्यवहार. पट्टी घेऊन गाडी भुईकाट्यावर जाते. भरल्या गाडीचे आणि नंतर रिकाम्या गाडीचे वजन होते. दोन्हीतला फरक हे मालाचे वजन. मधल्या वेळात माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरतो. वाद बहुतेक वेळा इथे होतो. गाडी ओतल्यावर आतला माल हलका निघाला असे व्यापारी म्हणतो आणि भाव कमी करायला सांगतो. याला वांधा म्हणतात. कधी तक्रार खरी असते. कधी लिलावात चढवलेला भाव खळ्यावर उतरवण्याचा तो मार्ग असतो. माल जमिनीवर पडलेला, गाडी रिकामी, संध्याकाळ झालेली, अशा वेळी शेतकऱ्याची बाजू कमजोर असते. समितीकडे दाद मागता येते आणि ज्यांनी मागितली त्यांना पुष्कळदा मूळ भाव मिळालेला आहे. ही सोय फार कमी शेतकऱ्यांना ठाऊक असते.

शेवटी हिशेबपट्टी होते. वजन गुणिले भाव, वजा खर्च. हमाली म्हणजे माल उतरवण्याचे, तोलाई म्हणजे वजनाचे आणि वाराई म्हणजे गाडीतला माल खाली देण्याचे पैसे. बाजार फी खरेदीदाराने समितीला द्यायची असते. पैसे २४ तासांच्या आत द्यावेत असा दंडक आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा रोकड नसल्यामुळे नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले आणि पुढे धनादेशाने पैसे देण्याची पद्धत वाढली. त्यातले काही धनादेश वटलेच नाहीत. लिलाव बोलीवर संपत नाही, पैसे हातात पडल्यावर संपतो, हे तेव्हा पुन्हा दिसून आले.

कपातीचे टोक २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात दिसले. बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याला किलोला १ रुपया भाव निघाला. रक्कम ५१२ रुपये. गाडीभाडे, हमाली, तोलाई आदी खर्च ५०९ रुपये ५१ पैसे. उरले २ रुपये ४९ पैसे, आणि त्यापोटी २ रुपयांचा पुढच्या तारखेचा धनादेश त्याच्या हाती पडला. ही पट्टी राज्यभर फिरली. तिच्यातले प्रत्येक कलम नेहमीचेच होते. भाव तळाला गेला तरी खर्च पोत्यावर आणि वजनावर लागतो, तो भावाबरोबर उतरत नाही, ही गोष्ट त्या पट्टीने लख्ख समोर आणली.

इतिहास. उघड लिलाव ही पूर्वापार पद्धत नव्हे. जुन्या बाजारात दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात धरून बोटांच्या दाबाने भाव ठरवत. याला हत्ता म्हणत. शेतकरी शेजारी उभा असला तरी आपल्या मालाला कोणी किती भाव दिला हे त्याला समजत नसे. दलालाने शेवटी सांगितलेला आकडा घेऊन त्याने गावाकडे जायचे.

नियंत्रित बाजारांची सुरुवात वऱ्हाडातल्या कापसापासून झाली. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ आणि खात्रीचा कापूस हवा होता. त्या गरजेतून १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा होता असे म्हणता येत नाही, तरी वजन आणि व्यवहार नियमाखाली आले. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने बाजारांतील गैरप्रथांवर बोट ठेवून नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांताचा कायदा १९३९ चा. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायदा आला आणि त्याखालच्या नियमांनी उघड लिलाव हीच विक्रीची रीत ठरवली.

तरीही हत्ता संपला असे नाही. वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्यांचे सौदे रुमालाखाली होतात, अशी कोकणातल्या बागायतदारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. देवगड किंवा रत्नागिरीहून पेटी पाठवणारा बागायतदार सौद्याच्या वेळी हजर नसतो. उघड बोलीची जास्त गरज त्यालाच आहे.

कायद्यातील स्थान. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या ६४ व्या कलमात लिलावाचे मूळ नियम आहेत. बोली हा केवळ देकार असतो. हातोडा पडेपर्यंत, किंवा रूढ पद्धतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होईपर्यंत, बोली मागे घेता येते. न्यायालयीन आणि महसुली लिलावात ‘एक वार, दोन वार, तीन वार’ असा पुकारा होतो. बाजार समितीत नाव पुकारून पट्टी लिहिणे हे त्याच्या जागी आहे. भाव फुगवण्यासाठी विक्रेत्याने खोटी बोली लावली तर खरेदीदार तो व्यवहार रद्द ठरवू शकतो. उलट बाजूचा डाव, म्हणजे खरेदीदारांनी आपसात ठरवून भाव चढू न देणे, हा शेतमालाच्या लिलावाला लागलेला खरा रोग आहे. त्यावर इलाज करणे फार कठीण, कारण त्याची पट्टी कुठेच फाडली जात नाही. दहा व्यापारी उभे असतात आणि बोली दोघांचीच येते. भारतीय स्पर्धा आयोगासाठी २०१२ च्या सुमारास झालेल्या कांदा बाजाराच्या अभ्यासात मोजक्या व्यापाऱ्यांचे वर्चस्व, त्यांच्यातील संगनमत आणि नव्या व्यापाऱ्याला आत येण्यातील अडचणी नोंदल्या गेल्या. परवाना, गाळा, खळे, भांडवल हे सगळे जुन्या घराण्यांकडे असते. नवा माणूस बोलीला उभा राहिला तरी माल उतरवायला त्याला जागा लागतेच.

बंद पडणारे लिलाव. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी पुन्हा बंद पुकारला. बाजार फी शेकडा १ रुपयावरून ५० पैसे करावी, ही त्यांची एक मागणी होती. ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली आणि ती ४ मे २०२४ पर्यंत टिकली. त्याआधी एप्रिलमध्ये हमाली-तोलाईची कपात आणि माथाडी मंडळाची लेव्ही यावरून व्यापारी व कामगार यांचा वाद पेटून लिलाव बंद होते. या वादात कामगारांची बाजूही समजून घ्यायला हवी. १९६९ चा माथाडी कायदा आणि पुण्याची बाबा आढाव यांची हमाल पंचायत यांच्यामुळे पाठीवर पोती वाहणाऱ्यांना मजुरीची हमी मिळाली; ती कोणाच्या खिशातून जावी हा भांडणाचा विषय आहे. बंद कोणीही पुकारो, चाळीतला कांदा सडतो तो शेतकऱ्याचा. अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी प्रथा लासलगावात अलीकडे मोडली गेली, हे त्यामुळे चांगले झाले.

इतर माल. कोल्हापुरात गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त दिवाळी पाडव्याला होतो. सांगली आणि तासगाव बेदाण्यासाठी, सांगली हळदीसाठी प्रसिद्ध. बेदाणा पाहताना तो हातातून खाली सांडत जाण्याच्या सवयीविरुद्ध उत्पादकांना आवाज उठवावा लागला, कारण सांडलेला माल त्यांच्या वजनातून जात होता. मुहूर्ताच्या पहिल्या सौद्याला, मग तो कांद्याचा असो वा हापूसच्या पेटीचा, मानाचा भाव मिळतो; वर्तमानपत्रात येणारा तो आकडा बाजारभाव समजू नये. मासळीचे लिलाव बहुतांशी बाजार समितीच्या बाहेर होतात. दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरात नावा आल्या की किनाऱ्यावरच बोली सुरू होते आणि मुंबईच्या ससून डॉकमध्ये, जो १८७५ मध्ये बांधला गेला, पहाटेच्या खरेदीत कोळणींचा वरचष्मा असतो.

नवे बदल. १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम ही केंद्राची संगणकीय बाजारप्रणाली सुरू झाली. मालाचा नमुना तपासून प्रत नोंदवली जाते आणि व्यापारी मोबाइलवरून बोली देतात. शेजारचा किती बोलला हे त्यांना दिसत नाही. धान्यासाठी ही व्यवस्था चालण्याजोगी आहे. कांद्याची प्रत यंत्राने सांगणे सोपे नाही आणि व्यापारी हात आत घातल्याशिवाय भाव सांगायला तयार नसतात. त्याच वर्षी जुलैत राज्याने फळे व भाजीपाल्याच्या आवाराबाहेरील विक्रीवरचे नियंत्रण उठवले आणि अडत, म्हणजे दलालीची रक्कम, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. तेव्हापासून बांधावर येऊन कांदा घेणारे व्यापारी वाढले. भाव करताना मात्र दोन्ही बाजू मोबाइल काढून आधी एकच गोष्ट पाहतात: आज लासलगावला सरासरी काय निघाली.