हिरडीचा फोटो काढून आजार कळतो का? डेंटिस्ट नेमकं काय मोजतो ते समजून घ्या

मे महिन्यात मी भंडारदऱ्याला, शेंडी गावात मामांकडे गेलो होतो. मामा म्हणाले, "खालची दाढ हलतेय रे, तुझ्या मोबाईलमध्ये बघ काय ते." मी टॉर्च लावून आठ-दहा फोटो काढले आणि एका एआय ॲपला दिले. (काजव्यांच्या सीझनला तिथं नेटवर्क कसं चालतं ते विचारू नका!) उत्तर आलं, हिरडी निरोगी दिसते. रक्तही येत नव्हतं, म्हणून मीही गप्प बसलो. दोन महिन्यांनी संगमनेरला डेंटल कॉलेजात दाखवलं तेव्हा कळलं, त्या दाढेभोवतीचं हाड ४० टक्के गेलंय.

ॲप का चुकलं?

कॅमेऱ्याला फक्त वरचं दिसतं. हिरडी नुसती सुजली असेल, ब्रश करताना रक्त येत असेल, तर तो जिंजिव्हायटिस. नीट सफाई केली की तो पूर्ण बरा होतो. पण सूज आत उतरून दात धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं की झाला पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला पायोरिया म्हणतात तो. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. त्यात मामा बिडी ओढणारे. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे धोक्याची घंटाच वाजत नाही.

मग डॉक्टर काय करतात?

बारीक खुणा असलेली एक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. ती दात आणि हिरडीच्या फटीत हलकेच घालून खोली मोजतात. एका दाताला सहा ठिकाणी, म्हणजे २८ दातांची १६८ मापं. डॉक्टर आकडे बोलतात, असिस्टंट कॉम्प्युटरवर भरतो आणि स्क्रीनवर ग्राफ तयार होतो. १ ते ३ मिमी ठीक. ४ च्या पुढे 'पॉकेट'.

इथे एक गंमत आहे. नुसत्या पॉकेटवर जाऊ नका. मामांच्या दाढेला पॉकेट ६ मिमी होतं, पण हिरडीही १ मिमी खाली सरकली होती. दोन्ही मिळून ७ मिमी आधार गेला. खरा आकडा हा.

हाड बघायला आरव्हीजी, म्हणजे डिजिटल एक्स-रे. फिल्मऐवजी तोंडात सेन्सर ठेवतात, काही सेकंदांत चित्र स्क्रीनवर.

यावरून स्टेज आणि ग्रेड ठरते. ही पद्धत २०१८ मध्ये जाहीर झाली. स्टेज १ ते ४ म्हणजे नुकसान किती; आधार ५ मिमी किंवा जास्त गेला की स्टेज ३ च्या घरात. ग्रेड ए, बी, सी म्हणजे आजाराचा वेग. हाडाची टक्केवारी भागिले वय, हे गणित तुम्ही मोबाईलवरही करू शकता. मामांचं ४० भागिले ५२, म्हणजे साधारण ०.७७. पाव ते एक यांच्यामध्ये, म्हणून बी. पण एचबीए१सी ७.८ निघालं. शुगर ७ किंवा त्यावर असली की ग्रेड सी. मामांना शुगर आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं!

उपचार एकदम ऑपरेशनपासून सुरू होत नाहीत. आधी बिडी बंद, शुगरचं औषध, ब्रश आणि दातांच्या फटीतला छोटा ब्रश. मग भूल देऊन हिरडीखालची खोल सफाई. त्यानंतर सुमारे तीन महिने थांबून सगळी मापं पुन्हा. तेव्हाही ६ मिमी किंवा जास्त पॉकेट राहिलं, तरच हिरडी उघडून साफ करायची फ्लॅप सर्जरी. दात काढायचा का, हे बहुतेकदा त्यानंतर ठरवतात. पहिल्याच भेटीत कुणी "काढून टाकू" म्हणालं, तर चार्ट आणि एक्स-रे दाखवायला सांगा आणि त्यांचे फोटो काढून ठेवा. मोबाईलचा खरा उपयोग इथे.

आमच्या भागातून घुलेवाडी (संगमनेर) आणि लोणी, दोन्हीकडे डेंटल कॉलेज आहे.

मामांची दुसरी मोजणी गेल्या आठवड्यात झाली. त्या दाढेचं पॉकेट ६ वरून ४ वर आलंय. बिडी मात्र अजून दिवसाला दोन चालू आहेत, असं मामी सांगते.