मक्यावरील बुरशी आणि १९७४ ची साथ

ऑक्टोबर १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने उभा मका भिजला व त्यावर अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी फोफावली. मका हेच मुख्य अन्न असलेल्या आदिवासींमध्ये कावीळ व जलोदराची साथ उद्भवली. ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. तत्पूर्वीच गावातील कुत्र्यांत तीच लक्षणे दिसली होती, ही नोंद विशेष महत्त्वाची होय. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्या तपासातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. ते पक्षी विक्रीचे होते. उष्ट्या भाकरीवर जगणाऱ्या कुत्र्यांना बाजारभाव नव्हता. येथे मक्याचे नमुने तपासले गेले ते माणसे आजारी पडल्यानंतरच.