परिपत्रकाचा वृक्ष

तीन दशके केंद्र सरकारच्या फाइली हाताळलेल्या माणसाने अंतराळयानांच्या संदेशवहनावर लिहावे, हे धाडसच. माझे शिक्षण अर्थशास्त्राचे; संगणकाशी परिचय कामापुरता. तरीही विलंब सहन करणाऱ्या जाळ्यांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा पानोपानी आपली बारनिशी भेटू लागली. म्हणून हा लेख.

नेहमीचे इंटरनेट एका गृहीतावर उभे आहे. दोन टोकांमधली वाट या क्षणी अखंड आहे आणि पोच लगेच येणार आहे, असे ते धरून चालते. मंगळाच्या बाबतीत हे गृहीत कोलमडते. तेथे पोहोचायला प्रकाशालाच सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, शिवाय ग्रहाच्या फिरण्यामुळे यान आड जाते ते वेगळेच. १९९८ मध्ये व्हिंट सर्फ आणि जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील मंडळींनी या अडचणीवर काम सुरू केले. पुढे २००३ मध्ये केविन फॉल यांनी दाखवून दिले की तुटक वाटांची हीच अडचण पृथ्वीवरही ठिकठिकाणी आहे. उपाय टपालाच्या वळणाचा होता. संदेशाचे पूर्ण गाठोडे बांधायचे, वाट उघडेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर ते सांभाळायचे आणि मग पुढे द्यायचे. पुढच्या टप्प्याने ताबा स्वीकारला की मागचा जबाबदारीतून मोकळा. रजिस्टर्ड टपालात हातोहाती सही घेत जाण्याची जी रीत होती, तीच ही. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना विलंब सहन करणारे जाळे वेगळे समजावून सांगावे लागू नये. आईचे आंतर्देशीय पत्र आठवडा घेई, पण येई.

भारतातील उदाहरण तर नावासकट आपले आहे. ‘डाकनेट’ या प्रयोगात कर्नाटकातील दोड्डबळ्ळापूर येथे सार्वजनिक बसवर एक छोटे बिनतारी यंत्र बसवले होते. ‘भूमी’ प्रकल्पाने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या होत्या, पण खेडी तालुक्याच्या संगणकाशी जोडलेली नव्हती. बस गावातून जाताना नोंदींची देवाणघेवाण आपोआप होई. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार बसवरील साहित्याचा खर्च सुमारे ५८० डॉलर होता. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तार टाकण्याचा स्थिर खर्च टळला, आणि बस तर तशीही धावतच होती.

एकाचा एकाला संदेश इथवर सोपा आहे. एकच संदेश अनेकांना द्यायचा झाला की खरी प्रशासकीय गुंतागुंत सुरू होते. प्रत्येकाला स्वतंत्र प्रत मुळापासून पाठवणे उधळपट्टीचे. म्हणून वृक्ष रचतात. एकच प्रत निघते आणि फांद्या फुटतील तेथे तिच्या प्रती होतात. आपली परिपत्रके याच मार्गाने खाली उतरतात. या जाळ्यांसाठी उपरोक्त प्रयोगशाळेने लिहिलेल्या ‘आयन’ प्रणालीत प्रत्येक केंद्राला फक्त त्याचे नातेवाईक सांगितले जात. अमुक केंद्र तुझे पालक, अमुक तुझी अपत्ये, एवढेच. अख्खा वृक्ष कोणाही एका केंद्राला ठाऊक असण्याची गरज नाही. ही काटकसर मला फार आवडली. मात्र तिची एक अट आहे. नाते दोन्ही बाजूंना नोंदलेले हवे. पालकाच्या यादीत अपत्य नसेल, तर अपत्याने पालकाकडे कितीही डोळे लावले तरी काही येत नाही, आणि आले नाही हे त्याला कळतही नाही.

जॉर्जिया टेकमधील झाओ, अमार आणि झेगुरा यांनी २००५ मध्ये आणखी एक प्रश्न ऐरणीवर आणला. संदेश पोहोचायला दिवस लागत असतील, तर तो कोणासाठी मानायचा? पाठवण्याच्या दिवशी जे गटात होते त्यांच्यासाठी, की पोहोचण्याच्या दिवशी जे आहेत त्यांच्यासाठी? ते वाचताना मी पुस्तक मिटून बसलो.

१९९० च्या दशकात ईशान्येकडील एका डोंगरी जिल्ह्यात असताना पूरग्रस्तांच्या अर्जांची मुदत वाढवणारे परिपत्रक माझ्या सहीने निघाले. त्याच महिन्यात उपविभागाचे विभाजन झाले होते. जुन्या उपविभागाने एका दुर्गम कार्यालयाचे नाव आदेश मिळताच यादीतून कमी केले; नव्याने ते अजून चढवले नव्हते. माझ्या फाइलीत दोन्ही उपविभागांच्या पोचपावत्या होत्या, ‘सर्व अधीनस्थ कार्यालयांस पाठविले’ अशा शेऱ्यासह. दोन्ही शेरे खरेच होते. तिकडे त्या कार्यालयातील कारकून, मुदत संपली म्हणून, डोंगर उतरून आलेल्या माणसांना अकरा दिवस परत पाठवत होता. त्याचाही दोष नव्हता.

एका वृद्ध अर्जदाराने शेजारच्या बाजारात मुदतवाढीविषयी ऐकले आणि तो थेट माझ्याकडे आला, तेव्हा प्रकार उघडकीस आला. उशिराचे अर्ज ग्राह्य धरावेत असा प्रस्ताव मी त्याच दिवशी वर पाठवला. लेखा शाखेचा आक्षेप आला: परिपत्रकाच्या दिनांकास सदर कार्यालय नेमके कोणाच्या अधीन होते? उत्तर तयार करण्यात, दोन्ही उपविभागांचे खुलासे मागवण्यात महिने गेले. मंजुरी हाती आली तेव्हा पुढचा पावसाळा सुरू झाला होता.